एकशे अठराचा आकडा

सूचनाफलकावरचा कागद दोन्या कुकानं तीनदा वाचला. मग चष्मा काढून झग्याच्या टोकाला पुसला आणि चौथ्यांदा वाचला. आकडा काही बदलला नाही. एकशे अठरा.

कागदावर मोठ्या ठसठशीत अक्षरांत लिहिलं होतं : ‘तेकोमातेची हमायका – ११८. सुदानहून येणारी हमायका – २४०. आपलं फूल दुपटीहून जोरदार!’ खाली सही होती डॉक्टर नेरेइदा आरिसमेंदी यांची, आणि पुढच्या आठवड्यात गुरुवारी भरणाऱ्या फुलांच्या जत्रेचं निमंत्रण.

‘दोन्या’ म्हणजे बाई, आणि कुकाचं खरं नाव रेफुहिओ साल्मेरोन. पण तेकोमातेच्या शेतकी संस्थेत बावीस वर्षांत तिला त्या नावानं कुणी हाक मारली नव्हती. प्रयोगशाळेतलं स्पेक्ट्रो नावाचं रंग मोजणारं यंत्र बारा वर्षांपूर्वी आलं तेव्हापासून तिच्या हाताखाली होतं. किती साहेब आले नि गेले, यंत्राला हात लावायचा तर आधी कुकाला विचारायचं, हा शिरस्ता मात्र टिकला. हमायकाची, म्हणजे अंबाडीच्या त्या लाल बोंडांची, ताकद मोजायचं कामही तिचंच. जांभळ्या द्रावणात बोंडांचा अर्क घालायचा आणि अर्धा तास अंधारात ठेवायचा. अर्कात दम असला की जांभळा रंग उतरतो. रंग बरोबर निम्म्यावर यायला जितका अर्क लागतो, तो पन्नासचा आकडा. आकडा लहान तितकं फूल जोरदार, कारण थोडक्यात काम भागतं.

आणि तेकोमातेच्या फुलाचा आकडा होता तीनशे दहा. कधी तीनशे पाच, कधी तीनशे पंधरा, पण बारा वर्षं तिथंच. तो निम्म्याहूनही खाली येतोच कसा?

“काय कुका, वाचलंस का?” मागून आवाज आला. फुलं पिकवणाऱ्यांच्या संघाचा अध्यक्ष फिदेन्सियो दारात उभा होता. कुकाच्या मुलीच्या बाप्तिस्म्याला तो धर्मपिता झाला होता, त्यामुळे दोघं एकमेकांना कोमाद्रे-कोंपाद्रे म्हणत.

“वाचलं, कोंपाद्रे.”

“मग तोंड असं का, लिंबू चावल्यासारखं? शंभर वर्षांनी कुणीतरी आपल्या फुलाबद्दल चांगलं बोललं.”

“चांगलं आणि खरं, दोन्ही असलं म्हणजे झालं.”

फिदेन्सियोचं हसू मावळलं. “तुझं खरं आम्ही एकदा चाखलंय, कोमाद्रे,” एवढंच बोलून तो डॉक्टर नेरेइदाच्या खोलीकडे गेला. त्याच्या खांद्यावर फुलांचं पोतं होतं आणि हातात केळीच्या पानात गुंडाळलेलं ताजं चीज. परत आला तेव्हा दोन्ही हात मोकळे होते. कुकानं ते बरोबर पाहून ठेवलं.

तिचं खरं म्हणजे सहा वर्षांपूर्वीचा अहवाल. सरबतं बनवणारी एक मोठी कंपनी वर्षानुवर्षांचा करार करायला आली होती. इथलं फूल घ्यावं की सुदानचं, एवढाच प्रश्न होता. कुकानं दोन्ही मोजली. इथलं तीनशे दहा, सुदानचं दोनशे चाळीस. अहवाल टाइप व्हायच्या आदल्या दिवशी तिचा धाकटा भाऊ लासारो तिच्या परसात येऊन बसला. त्याचं चार हेक्टर रान हमायकाचंच होतं.

“ताई, दोनशे तीस लिही. कोण बघतंय?”

“यंत्र बघतंय.”

“यंत्राला पोरं आहेत का? मला तीन आहेत.”

“लासारो, एकदा का मी आकडा वाकवला, की पुढं माझ्या कुठल्याच आकड्यावर माझा विश्वास राहायचा नाही.”

तिनं तीनशे दहाच लिहिलं. कंपनीनं सुदानचं फूल घेतलं. वर्षभरात लासारोनं रान विकलं आणि तो उत्तरेला, कॅरोलायनातल्या कोंबड्या साफ करायच्या कारखान्यात गेला. रविवारी फोन करायचा. त्या अहवालाचं नाव त्यानं पुन्हा कधी काढलं नाही, आणि तेच कुकाला जास्त लागायचं. पण मनातल्या मनात ती ताठ मानेनं राहिली होती. सख्ख्या भावासाठी वाकवला नाही तो आकडा, आणि ही राजधानीतून आलेली एकतीस वर्षांची बाई चिजाच्या गोळ्यावर वाकवणार?

त्या दिवसापासून कुकाचे डोळे नेरेइदाच्या मागं लागले. आणि डोळे एकदा मागं लागले की दिसतं तेवढं सगळं संशयाचंच दिसतं. नेरेइदानं आल्या आल्या खोलीच्या काचेवर काळा कागद चिकटवला होता. द्रावणाला उजेड सोसत नाही, हे कुकालाही ठाऊक होतं. पण त्यासाठी लाकडी कपाट होतं की, बारा वर्षं पुरलं ते! मग काळा कागद कशाला? शिवाय कुका आत गेली की नेरेइदा लॅपटॉपचं झाकण अर्धं खाली करायची. एकदा कुकानं सहज म्हणून विचारलं, “डॉक्टर, वही दिसत नाही तुमची. आकडे कुठं उतरवता?”

“सगळं इथंच असतं, दोन्या कुका.” नेरेइदानं लॅपटॉपवर टिचकी मारली.

“वहीतलं खोडलं तर खोडलेलं दिसतं. ह्याच्यात काय दिसणार?”

नेरेइदा हसली. पण कुकाला वाटलं, हसण्याआधी ती क्षणभर थांबली.

शुक्रवारी छपाईयंत्राच्या खणात एक कागद विसरून राहिला. नेरेइदाचाच. वर काही नाव नव्हतं, नुसते एक ते पाच क्रमांक आणि पुढं आकड्यांचे रकाने. कुकानं इकडंतिकडं पाहिलं, कागदाची चौघडी केली आणि खिशात घातली. घरी गेल्यावर मिरच्या भाजता भाजता तो तिनं चुलीशेजारी उलगडला. चौथ्या नळीपुढं पहिल्या रकान्यात होतं ०.४०७. पुढच्यात ०.१२०. आणि त्याच्यापुढं ०.२८७.

मिरच्या करपल्या तरी तिच्या लक्षात आलं नाही. ०.४०७ मधून ०.१२० काढून टाकले होते. का? कुणी सांगितलं काढायला? शिल्लक राहिलेला जांभळा रंग जेवढा कमी दाखवावा, तेवढं फूल जोरदार ठरणार. पाचही नळ्यांतून काही ना काही उचललं होतं. अर्क जास्त तिथं जास्त, कमी तिथं कमी. चोर शहाणा होता, सगळीकडून सारखं घेत नव्हता.

शनिवारी सकाळी संस्थेत पहारेकऱ्याशिवाय कुणी नसतं. त्याला पानात उकडलेले दोन तमाल आणि पेलाभर आतोले, मक्याची गरम पेज, देऊन कुका प्रयोगशाळेत शिरली. संघाच्या पोत्यातली मूठभर बोंडं तिनं स्वतः दळली, अर्क काढला, स्वतःच्या हातानं नळ्यांवर चिठ्ठ्या लावल्या : पन्नास, शंभर, दोनशे, तीनशे, चारशे मायक्रोग्रॅम. अर्क एक भाग, जांभळं द्रावण एक भाग. अर्धा तास लाकडी कपाटात. मग एकेक नळी यंत्रात.

चौथी नळी : ०.४०५.

कुका खुर्चीत मागं रेलली. नेरेइदाचा पहिला रकाना आणि तिचं वाचन जवळजवळ एकच होतं. म्हणजे बाईनं मोजलं बरोबर होतं, आणि मोजून झाल्यावर लबाडी केली होती. आलेखाच्या कागदावर तिनं पाच ठिपके दिले, रेघ ओढली, पन्नास टक्क्यांवरून आडवी पट्टी धरली आणि रेघेला लागली तिथून सरळ खाली उतरली. तीनशे नऊ.

“सापडलीस,” ती मोठ्यानं म्हणाली. आपलाच आवाज ऐकून तिला थोडं बरं वाटलं आणि थोडी लाजही वाटली.

सोमवारी नऊच्या ठोक्याला ती संचालकांच्या खोलीत गेली. संचालक इंजिनियर बाल्तासार केसादा हे भांडणं टाळण्यात हयात घालवलेले गृहस्थ होते. त्यांनी दोन्ही कागद पाहिले, कपाळ चोळलं आणि नेरेइदाला बोलावून घेतलं.

नेरेइदानं आपला कागद ओळखला. “हा तुमच्याकडे कसा आला?”

“कसा आला ते नंतर. हे एकशेवीस कुठं गेले ते आधी सांगा, डॉक्टर.”

“तुम्ही माझ्यावर चोरीचा आळ घेताय, दोन्या कुका?”

“मी वजाबाकीचा अर्थ विचारतेय.”

नेरेइदाचे कान लाल झाले होते. ती म्हणाली, “चला यंत्रापाशी. इंजिनियर, तुम्हीही या.”

प्रयोगशाळेत तिनं कुकाच्याच शनिवारच्या अर्काची बाटली घेतली. तीनशेची नळी भरली. पण जांभळ्या द्रावणाऐवजी तिनं तेवढाच नुसता अल्कोहोल ओतला. नळीत स्वच्छ लाल रंग दिसत होता, जेवणाबरोबर पितात त्या हमायकाच्या पाण्यासारखा.

“ह्यात जांभळं किती आहे?”

“काहीच नाही. घातलंच कुठं तुम्ही?”

“मग लावा यंत्रात. तुमच्या हातानं.”

कुकानं नळी लावली. पडद्यावर आकडा थरथरला आणि स्थिर झाला. ०.१२०.

कुकानं नळी काढली, काच पुसली, परत लावली. ०.१२०.

“यंत्राला जांभळं आणि लाल वेगळं कळत नाही,” नेरेइदा आता हळू बोलत होती. “जिथं आपण जांभळं मोजतो, तिथंच फुलाचा लाल रंगही आडवा येतो. जांभळं उतरलेलं असतं, पण यंत्राला वाटतं अजून शिल्लक आहे. म्हणून प्रत्येक नळीतला लाल वेगळा मोजायचा आणि वजा करायचा. फूल जितकं गडद, तितका त्याच्यावर अन्याय जास्त.”

तेकोमातेचं फूल सगळ्यांत गडद. ह्याचं कौतुक कुका लहानपणापासून ऐकत आली होती. पहिल्या वर्षी, तेव्हाच्या साहेबांना तिनंच विचारलं होतं, साहेब, ह्या लाल रंगाचं काय करायचं? ते म्हणाले होते, क्षुल्लक आहे, वेळ जातो, सवडीनं सांगतो. आणि तिनं पुन्हा विचारलं नव्हतं. आकडा न वाकवल्याचा अभिमान बाळगून ती बारा वर्षं वाकडाच आकडा लिहीत आली होती.

इंजिनियर बाल्तासारनी हात झटकले. “चला, मिटलं. गैरसमज होता.”

“थांबा,” कुका म्हणाली. आलेखाचा नवा कागद ओढून तिनं नेरेइदाच्या वजाबाकीचे पाच ठिपके दिले. पट्टी दोनदा लावून पाहिली. “दोनशे छत्तीस. तुमचा लाल रंग काढून दोनशे छत्तीस येतात. एकशे अठरा अजून लांब आहे, डॉक्टर.”

“कारण तुम्ही चिठ्ठीवरचा आकडा धरता. अर्कात तेवढंच द्रावण ओतलं की अर्क निम्मा पातळ होतो. मी मिसळल्यानंतरचं मोजते. दोनशे छत्तीसचे निम्मे.”

“एकशे अठरा.” कुकानं मान हलवली. बरोबर होतं. दोन्ही रीती चालतात, फक्त कुठली धरली ते सांगावं लागतं. ती कागद खाली ठेवणार होती. पण बावीस वर्षांची सवय, हिशेब शेवटच्या ओळीपर्यंत बघितल्याशिवाय तिचा हात सुटत नसे. “मग सुदानीचे दोनशे चाळीस कुठून आणलेत?”

“संस्थेच्या जुन्या अहवालातून.”

“तो माझ्या हातचा आहे.”

“हो.”

“त्यात लाल रंग वजा केलेला नाही. आणि आकडा चिठ्ठीवरचा आहे, मिसळण्याआधीचा.” कुकानं चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. “आपल्या फुलाला तुमची फूटपट्टी आणि परक्या फुलाला माझी. मग दुप्पट येईल नाही तर काय?”

नेरेइदा खाली बघत राहिली.

“ठाऊक होतं तुम्हाला?” कुकानं विचारलं.

“ठाऊक नव्हतं म्हटलं तर ते अर्धं खोटं होईल,” नेरेइदा म्हणाली. “त्या अहवालात रीत लिहिलेलीच नाही. मला शंका आली होती. तुम्हाला विचारायला हवं होतं. पण विचारलं असतं तर कदाचित आकडा गेला असता, आणि जत्रा तोंडावर होती. सगळे इतके खूश होते.”

“आणि चीज?”

“कसलं चीज?” तिला खरोखरच कळलं नाही. मग कळलं. “ते? ते सगळ्यांनी मिळून खाल्लं. तुमचा तुकडा फ्रिजमध्ये आहे. तुम्ही आठवडाभर माझ्याशी धड बोलला नाहीत, म्हणून दिला नाही.”

इंजिनियर बाल्तासार घड्याळ बघत होते. “हे बघा, फलक छापून आलेत. जत्रा होऊ द्या, मग सवडीनं—”

“सवडीनं काही होत नाही, इंजिनियर,” कुका म्हणाली. “मागच्या वेळी मला कुणीतरी सवडीनं सांगतो म्हणालं होतं.”

सुदानी हमायका शोधायला लांब जावं लागलं नाही. तेकोमातेच्याच बाजारात, मिरच्यांच्या ढिगांमागं, पोत्यानं विकायला होती. मंगळवारी दोघींनी एकत्र काम केलं. कुकानं अर्क काढले, नेरेइदानं द्रावण बनवलं, आणि नळ्यांवर कुठलं फूल कुठलं ते न लिहिता पहारेकऱ्याकडून नुसती अक्षरं लिहून घेतली. हे कुकानंच सुचवलं होतं. “माझा तुमच्यावर विश्वास नाही आणि तुमचा माझ्यावर नसावा,” ती म्हणाली, “तेव्हा कुणालाच कळू नये हे बरं.” कुठलं अक्षर कुठल्या फुलाचं ह्याच्या पहारेकऱ्यानं लिहिलेल्या चिठ्ठ्या नेरेइदानं न वाचता पाकिटात बंद करून कुकाच्या खिशात घातल्या. प्रत्येक नळी तीनदा मोजली. प्रत्येक नळीतला लाल वेगळा मोजला. एकजण आकडा वाचे, दुसरी वहीत लिही, तिसऱ्यांदा दोघी पडदा बघत.

बुधवारी दुपारी पाकीट उघडलं. तेकोमातेचं फूल एकशे अठरा, सुदानचं एकशे तेरा. तीन वेळच्या मोजण्यांत पाच-सहाचा फरक सहज पडत होता, त्यामुळे मधल्या अंतराला काही अर्थ नव्हता.

“सारखीच आहेत,” नेरेइदा म्हणाली.

“सारखीच.”

त्या दिवशी दोघींनी एकत्र जेवण केलं, पण फारसं बोलणं झालं नाही. कुकाच्या मनातून संशय अजून पुरता गेला नव्हता. तिनं जेवणानंतर नेरेइदाची सगळी वजाबाकी कागदावर पुन्हा करून पाहिली. बरोबर होती. मग स्वतःची केली, आणि ती दोनदा केली.

लासारोला तिनं रविवारची वाट न बघता त्याच संध्याकाळी फोन लावला. मागं यंत्रांचा घरघराट होता, त्याची मधली सुट्टी चालली होती. तिनं सगळं सांगितलं, लाल रंग, वजाबाकी, साहेबांचं ते ‘क्षुल्लक’.

“म्हणजे मी सांगितलेले दोनशे तीस...” तो म्हणाला.

“खऱ्याच्या जवळ होते. चुकून.”

“मी सहा वर्षं म्हणत होतो, ताईनं खरं तेच लिहिलं, त्याला कोण काय करणार. तेवढ्यावर मी तुझ्यावर रागावलो नाही. आता काय म्हणू?”

“रागाव.”

“सुट्टी संपली,” लासारो म्हणाला आणि त्यानं फोन ठेवला.

गुरुवारी सकाळी जत्रेच्या मांडवात पोसोलेच्या, मक्याच्या रश्शाच्या, हंड्या चढल्या होत्या आणि फिदेन्सियो शिडीवर उभा राहून फलक बांधत होता. ‘दुपटीहून जोरदार!’ कुका आणि नेरेइदा दोघी खाली येऊन उभ्या राहिल्या. नेरेइदानं बोलायला तोंड उघडलं, पण कुकानं तिच्या दंडावर हात ठेवला.

“कोंपाद्रे, तो फलक उतरव.”

“पुन्हा?” फिदेन्सियो शिडीवरूनच ओरडला. “पुन्हा तूच? काय आहे तुझं ह्या गावाशी वैर?”

“खाली ये, सांगते.”

तो खाली आला. कुकानं सांगितलं, काही न वगळता. आधी आपली चूक, मग डॉक्टरांची. नेरेइदानं मधेच म्हटलं, “माझी मी सांगते,” आणि उरलेलं तिनं सांगितलं. फिदेन्सियो एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत राहिला. दोघींपैकी कुणाला शिव्या घालाव्यात ते त्याला ठरवता येत नव्हतं.

“म्हणजे दुप्पट नाही.”

“नाही.”

“आणि कमीही नाही.”

“नाही. सारखं आहे.”

त्यानं टोपी काढली, परत घातली. “सहा वर्षांपूर्वी नुसतं ‘सारखं’ म्हटलं असतंस, कोमाद्रे, तरी पुरलं असतं,” तो म्हणाला. “आम्हाला दुप्पट कुणी मागितलं होतं?”

फिदेन्सियो पुन्हा शिडी चढला आणि एकेक गाठ सोडवू लागला. नेरेइदानं खालून फलकाचं टोक धरलं, जमिनीला लागू नये म्हणून.

पुढचे तीन महिने दोघी जुने अहवाल काढून बसल्या. बीट, लाल निवडुंगाची फळं, निळा मका, काळे घेवडे. बारा वर्षांत रंगीत काय काय मोजलं होतं त्याची यादीच अकरा पानं झाली. इंजिनियर बाल्तासार म्हणाले, चूक कळवणाऱ्या असल्या पत्रांवर मी सही करणार नाही, संस्थेची अब्रू जाईल. मग पत्रांवर दोघींनीच सह्या केल्या. पहिलं पत्र सरबताच्या कंपनीला गेलं. त्याचं उत्तर आलं नाही. दुसरं फिदेन्सियोच्या संघाला, आणि ते त्यानं कार्यालयाच्या भिंतीवर लावलं. रागानं की कशानं, ते कुकानं विचारलं नाही.

नेरेइदानं एक वही विकत आणली. तिच्यात ती रोजची वाचनं पेनानं उतरवू लागली, आणि चुकलं तर एकच रेघ मारून खोडू लागली, खालचा आकडा दिसेल अशी. कुका संध्याकाळी जाताना ती वही चाळून बघायची. नेरेइदाला ते ठाऊक होतं. आणि कुकाची वही सकाळी आल्यावर नेहमी ठेवल्या जागेपासून बोटभर सरकलेली असायची, हे कुकालाही ठाऊक होतं.